माणसाला विचारल्याशिवाय करू नये

“मावशी, हे तुमचंच लिहिलेलं ना?”

मॅनेजरने लॅपटॉप तिच्या टेबलावर असा आणून ठेवला, जशी काही तिच्या हातून फुटलेली बरणी तिलाच दाखवायला आणली होती. मावशीने चष्मा पुसला, लावला, वाचलं. स्वतःचं वाक्य ओळखायला तिला वेळ लागत नसे.

“माझंच. का?”

“क्लिअर नाहीये.”

मावशीने ते पुन्हा वाचलं. या खेपेला मोठ्याने, खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“‘हे टूल सगळ्या लॅबचा प्रोग्रॅम आणि त्यातल्या नोंदी, दोन्ही काल रात्रीच्या प्रतीवर नेतं. आज सकाळपासून नोंदवलेलं सगळं पुसलं जातं. आजच्या नोंदीच बिघडल्या असतील तरच वापरावं. माणसाला विचारल्याशिवाय करू नये.’ यातला कुठला शब्द अवघड गेला?”

“मला नाही हो गेला. पण मशीनला क्लिअर नसणार.”

“कशावरून?”

“पुसलं ना त्याने.”

पुसलं होतं खरं. एका लॅबचं नाही, सगळ्यांचं. तेव्हापासून फोन ठणाणा करत होते आणि उचलणाऱ्या दोघी पोरी रडकुंडीला आल्या होत्या.

कंपनीचं काम म्हटलं तर साधं. रक्त तपासणाऱ्या लॅब असतात, त्यांच्या कॉम्प्युटरवर जो प्रोग्रॅम चालतो तो या लोकांनी बनवलेला. त्यात दर थोड्या दिवसांनी सुधारणा करायची, नवी आवृत्ती सगळ्या लॅबच्या कॉम्प्युटरवर चढवायची, बिघडली तर उतरवायची. हे चढवणं-उतरवणं आधी माणसं करत. वर्षभरापासून एआय एजंट करत होता. ऑफिसात त्याला ‘शहाणा’ म्हणत. कौतुकाने म्हणत की चिडून, ते त्या दिवशी शहाण्याने काय करून ठेवलंय त्यावर ठरे.

शहाण्याला हात नव्हते, टूल होती. एक टूल नवी आवृत्ती चढवायचं, एक नुसता प्रोग्रॅम मागे न्यायचं, एक प्रोग्रॅमबरोबर नोंदीही मागे न्यायचं, एक सर्व्हर बंद करून चालू करायचं, एक नुसतं बघायचं, अशी पुष्कळ. प्रत्येक टूलखाली चार ओळी: हे काय करतं, कधी वापरायचं, कधी हात लावायचा नाही. शहाणा तेवढंच वाचे आणि त्यावरून कुठलं टूल उचलायचं ते ठरवी. त्या चार ओळी मावशी लिहायची.

आधी इंजिनिअर लिहीत. ‘रीस्टार्ट करतं.’ झालं, संपलं वर्णन. काय रीस्टार्ट करतं, कुणाचं, चालू कामाचं काय होतं, याचा पत्ता नाही. मावशीने एकेकाला खुर्चीतून उठवून विचारलं होतं. “तुला माहितीय म्हणजे त्याला माहितीय का? तो काय तुझ्या मांडीवर वाढला?” इंजिनिअर हसत, पण सांगत. मग ती लिही, खोडी, पुन्हा लिही. तिच्या वाक्याला दोन अर्थ निघू शकत नसत, याचा तिला इतका ताठा होता की घरी वाणसामानाची चिठ्ठीसुद्धा ती दुसऱ्याला लिहू देत नसे. ऑफिसात तिच्या ओळी कुणी वाचत नव्हतं. एकटा शहाणा वाचायचा, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा. एवढं माणसांकडून तिला आयुष्यात मिळालं नव्हतं.

“वर्णनाचा दोष नाही,” ती म्हणाली. “त्याने विचारलं असणार. विचारल्याशिवाय तो करतच नाही.”

मॅनेजरने मान खाली घातली. तो काही वाईट माणूस नव्हता, वरून शेकायला लागलं की खाली पास करणारा माणूस होता. “विचारलं होतं,” तो हळू म्हणाला. “ड्यूटीवरच्याने हो म्हटलं.”

ड्यूटीवर तिचा भाचा होता.

सगळे तिला मावशी म्हणत ते त्याच्यामुळेच. तो तीन वर्षांपूर्वी इथे लागला, तिच्या शब्दावर लागला, आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर ‘मावशी, डबा’ म्हणाला. तेव्हापासून तिच्याहून चार-सहा वर्षांनी लहान असलेला मॅनेजरसुद्धा मावशी म्हणायला लागला. तिला ते कधी आवडलं नाही. पण भाच्याची ही चौथी नोकरी होती आणि टिकलेली पहिली, म्हणून तिने तेही गिळलं होतं.

“उद्या दुपारपर्यंत मला वर कारण कळवायचंय,” मॅनेजर म्हणाला. “दोनच कारणं होऊ शकतात. लिहिणाऱ्याचं चुकलं, नाहीतर बटण दाबणाऱ्याचं. बटण दाबणाऱ्याचं म्हटलं तर तो राहत नाही, मावशी. आधीच सांगतो.”

“आणि लिहिणाऱ्याचं म्हटलं तर?”

“वर्णनं मग शहाण्याकडूनच लिहून घेऊ. बऱ्याच ठिकाणी तसंच करतात आता. तुम्हाला दुसरं काहीतरी बघू.”

तेवढ्यात फोनवरची पोरगी रिसीव्हर हातात धरून म्हणाली, “मावशी, या बाई ऐकतच नाहीयेत. तुम्ही बोला ना.”

मावशीने रिसीव्हर घेतला. पलीकडे एका लॅबमधली बाई होती. ओरडत नव्हती, दमली होती.

“रिपोर्ट परत येणार का तेवढं सांगा.”

“सकाळचे नाही येणार. नमुने असतील तर पुन्हा तपासायला लागतील.”

“काही आहेत, काही टाकून दिले. माझ्याकडे एक आजोबा येतात, त्यांची शीर सापडत नाही. आज चार ठिकाणी टोचून मिळाली. त्यांना आता काय सांगू? परत या, परत टोचते?”

अशा वेळी काय म्हणायचं याच्या ओळी तिने कधी लिहिल्या नव्हत्या. “माझ्याकडून सॉरी सांगा त्यांना,” ती म्हणाली. बाई म्हणाली, “तुम्ही कोण?” आणि मावशीने थोडं थांबून सांगितलं, “ऑफिसातली.”

घरी बातमी तिच्या आधी पोचली होती. दोघी बहिणींची घरं एकाच मजल्यावर, दारासमोर दार. थोरलीला, म्हणजे भाच्याच्या आईला, सगळे आक्का म्हणत. आक्का शाळेत गेली होती म्हणायला. धाकटीला काखोटीला मारून जेवढं जाता येतं तेवढी. त्या धाकटीला पुढे शिकवली ते आक्कानेच, आणि ते ती विसरली नव्हती, विसरूही देत नव्हती.

“जेवत नाहीये तो,” आक्का दारातूनच म्हणाली. “भिंतीकडे तोंड करून पडलाय. सून विचारते, काय झालं, तर म्हणतो, बोट पडलं. बोट पडलं म्हणजे काय गं? बोट काय पिकलेलं फळ आहे, आपलं आपण पडायला?”

“बटणावर पडलं, आक्का.”

“मग उचलायचं.”

“आत येऊ दे मला आधी. चपला तरी काढू दे.”

आक्काने तिला आत घेतलं, समोर बसवलं, पाणी दिलं आणि स्वतः उभी राहिली. आक्का उभी राहिली की समजायचं, मागणं मोठं आहे.

“ते पाटीवरचं तू लिहितेस ना?”

“पाटी नाही. वर्णनं.”

“तेच ते. मग सांग तुझ्या साहेबाला, माझंच लिहिताना चुकलं म्हणून. तुला काढत नाहीत, त्याला काढतात. मला सगळं कळलंय.”

“मी चुकीचं लिहिलेलं नाही.”

“मी कुठे म्हणते लिहिलंस? म्हण, एवढंच म्हणते.”

“आक्का, ते वाक्य चोख आहे. लहान मुलालाही कळेल.”

“बरं. मग सकाळी तेच वाक्य ताटात वाढते आम्हाला सगळ्यांना. पोटभर जेवू.”

मावशीला राग आला. आयुष्यभर तिला याच बाईचा सगळ्यांत जास्त राग यायचा, कारण याच बाईपुढे तो गिळावा लागायचा. “तुझा मुलगा काय करत होता तिथे बसून?” ती म्हणाली. “समोर लिहून येतं, ‘सकाळपासूनच्या नोंदी पुसल्या जातील, करू का?’ आणि हा हो म्हणतो. तिशी ओलांडली त्याची. वाचता येत नाही का?”

“तुझ्याच हाताखाली वाचायला शिकलाय,” आक्का म्हणाली. “बघ आता तूच.”

आतल्या खोलीत पलंग करकरला. भाचा ऐकत होता. मग आक्काने विषय बदलल्यासारखा आवाज काढला, “त्या मशीनलाच का काढत नाहीत? पुसलं त्याने. माणसाला हाकलतात आणि त्याला ठेवतात, ही कुठली रीत.” मावशीने पाण्याचा पेला खाली ठेवला. ती उठली, आणि दारातून म्हणाली, “त्याला म्हणावं, जेव. उद्या कामावर यायचंय.”

सकाळी ती स्वतःच्या टेबलावर बसलीच नाही. खुर्ची ओढत भाच्याच्या शेजारी नेली. भाच्याचे डोळे सुजले होते. त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

“काल काय झालं ते दाखव,” ती म्हणाली.

“काय दाखवू? हो म्हटलं मी.”

“का म्हटलंस?”

“माहीत नाही, मावशी. खरंच माहीत नाही. एका लॅबमध्ये नवी आवृत्ती आकड्यांची अदलाबदल करून दाखवत होती, नुसता प्रोग्रॅम मागे नेऊन भागलं असतं. शहाण्याला वाटलं, नोंदी बिघडल्या. त्याने विचारलं.” तो बोलत होता आणि बोलता बोलता त्याचा उजवा हात कीबोर्डवर होता. पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उगवली. टक. चौकट गेली. “वाचलं असतं तर नसतं म्हटलं ना मी.” टक. “मी काय वेडा आहे का?” टक.

“हे काय करतोयस?”

“कुठे काय?”

“आता बोटाने काय दाबलंस?”

त्याने स्वतःच्या बोटाकडे बघितलं. त्याला खरोखरच माहीत नव्हतं.

“पुढची येईल ती दाबू नकोस,” ती म्हणाली. चौकट आली. मावशीने चष्मा सावरून वाचलं. शहाणा विचारत होता: सर्व्हरवरची वेळ बघायची आहे. बघू का?

“वेळ?”

“वेळ,” भाचा म्हणाला. “मग यादी बघू का. मग यादीतली पहिली ओळ बघू का. मग झालेलं काम झालं का ते बघू का. दिवसभर हेच. तुला मी तेव्हाच म्हटलं होतं, मावशी, हा आता घड्याळात बघायलाही परवानगी मागतो. तू म्हणालीस, मागू दे, तुला पगार कशाचा मिळतो.”

म्हणाली होती. तिला ते शब्द आठवले आणि ते शब्द ज्या दिवशी तोंडून गेले तो दिवसही आठवला.

त्याच्या आदल्या दिवशी शहाण्याने एका लॅबचा सर्व्हर, तिथली माणसं नोंदी करत असताना मध्येच बंद करून चालू केला होता. नुकसान थोडं झालं, बोभाटा मोठा झाला. मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाला होता, “विचारून करायचं, असं मावशींनी लिहिलेलंच नव्हतं.” नव्हतंच लिहिलेलं, तिच्याकडून सुटलं होतं. पण सगळ्यांसमोर? त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर ती बसली आणि एकूण एक टूलखाली तीच ओळ घातली. चढवायच्या, उतरवायच्या, पुसायच्या, नुसतं बघायच्या. माणसाला विचारल्याशिवाय करू नये. माणसाला विचारल्याशिवाय करू नये. घ्या म्हणावं. आता ठेवा नावं. हात दुखेपर्यंत घातली. दुसऱ्या दिवशी मॅनेजर खूश झाला, “हे बेस्ट केलंत, मावशी.” तिने त्याच्याकडे बघितलंही नव्हतं.

प्रत्येक वाक्य चोख होतं. एकेकटं वाच, कुणीही नावं ठेवू शकलं नसतं.

चौकट अजून तशीच होती. वेळ बघू का? शहाणा थांबला होता, तो किती वेळही थांबला असता. भाचा म्हणाला, “दाबू?”

“दाब,” मावशी म्हणाली.

दुपारी मॅनेजरच्या खोलीत तिघेच होते. मॅनेजरने पडद्यावर मजकूर उघडून ठेवला होता, कारणापुढची जागा मोकळी होती. भाचा दाराशी उभा. बस म्हटलं तरी बसेना.

“त्याचं नाव घालू नका,” मावशी म्हणाली. “माझं घाला.”

मॅनेजरने सुटकेचा निःश्वास टाकला. तो लपवण्याइतका तो मुरलेला नव्हता. “म्हणजे वर्णन अस्पष्ट होतं.”

“नव्हतं.”

“मावशी, मग काय लिहू मी?”

“सांगते ते लिहा. जिथे विचारायची गरज नव्हती तिथेही मी विचारायला लावलं. शंभरदा फुकटचं विचारलं की माणूस वाचायचं सोडतो. मग एकशेएकावं खरं असलं तरी त्याला दिसत नाही. टूलचं वर्णन बरोबर होतं. सगळ्या टूलचं मिळून चुकलं. ते माझं.”

“का लावलंत पण सगळीकडे?”

मावशीला सांगता आलं असतं. त्याच्याच तोंडचं वाक्य त्याला परत देता आलं असतं, आणि त्याचं तोंड कसं होतं ते बघायला मिळालं असतं. पण हात तिचा होता, तोंड त्याचं असलं तरी.

“रागाने,” ती म्हणाली.

मॅनेजरने कीबोर्ड जवळ ओढला. मग त्याने टाइप केलं. मावशीने उठून, वळसा घालून, त्याच्या खांद्यावरून वाचलं. ‘टूलचे वर्णन अस्पष्ट असल्यामुळे.’

“हे मी सांगितलं नाही.”

“वरच्यांना एवढं सगळं कळत नाही हो. त्यांना एक ओळ लागते.”

“मग एक ओळ बरोबर लिहा. ‘गरजेपेक्षा जास्त वेळा परवानगी मागितल्यामुळे.’ तेवढ्याच जागेत बसतं.”

“मग ते विचारतील, परवानगी मागणं वाईट कसं? मग मी समजावत बसू?”

“समजवा की. त्याचाच पगार आहे तुम्हाला.”

“मावशी,” मॅनेजर कंटाळून म्हणाला, “कोण वाचतंय ते?”

भाच्याने दारातून वर बघितलं. मावशीचा चेहरा त्याने रागात बघितला होता, आईशी भांडताना बघितला होता. असा नव्हता बघितला. तिला काही सुनावायचं होतं हे उघड दिसत होतं, ओठही हलले. मग तिने मॅनेजरची खुर्ची धरलेला हात काढून घेतला.

“मला चार दिवस द्या,” ती म्हणाली. “घातलेल्या ओळी मी काढते. ते तुमच्या शहाण्याला नाही जमायचं. कुठलं विचारायचं आणि कुठलं नाही, ते लिहिलेलं नाही कुठेच.”

“चार दिवस घ्या,” मॅनेजर म्हणाला, आणि तो मजकूर तसाच पाठवून दिला.

चार दिवस ती इंजिनिअरांच्या मानगुटीवर बसली. “हे उलटवता येतं का? आलं तर विचारायचं कशाला? नाही आलं तर कुणाचं काय जातं?” इंजिनिअर वैतागले, पण आता कुणी हसलं नाही. एकेका टूलखालून ओळ गेली. वेळ बघायच्या टूलखालची काढताना तिने मुद्दाम दोनदा वाचलं, इतकं ते वाक्य नको तिथे शोभून दिसत होतं. शेवटी तीन टूल राहिली, ज्यांनी केलेलं परत येत नाही. त्यांच्याखाली तिने ओळ ठेवली आणि वर एक नवी घातली: काय कायमचं जाईल ते आधी सांगावं, मग विचारावं.

घरी आक्काने त्या दिवसापासून तिच्या ताटात जास्तीचं वाढायला सुरुवात केली. आभार मानायची आक्काची ती पद्धत होती आणि मावशीला ती अजिबात पटत नव्हती. “मी चुकीचं लिहिलं नव्हतं,” ती एकदा घास हातात धरून म्हणाली.

“मी कुठे काय म्हणाले?” आक्का म्हणाली. “जेव.”

पुढच्या महिन्यात मावशीला फोनवर बसवलं. टेबल काचेपलीकडे, पोरींच्या शेजारी. शहाणा आता आपल्या टूलची वर्णनं आपणच लिहीत होता, एकेक करून जुनी बदलत होता. ती तीन अजून राहिली होती. पाळी यायची होती.

लोक फोनवर म्हणत, “ते चालत नाहीये.” मावशी विचारी, “ते म्हणजे काय?” लोक चिडत. त्या दिवशी दुपारीही एक गृहस्थ असेच चिडले होते, प्रिंटर की पडदा ते सांगायला तयार नव्हते. रिसीव्हर कानाला लावून ती काचेतून बघत होती, कारण बघायला दुसरं काही नव्हतं.

भाच्याच्या पडद्यावर चौकट उगवली. दिवसभरातली पहिलीच असावी, कारण तो दचकला. त्याने हात कीबोर्डवरून उचलला, मांडीवर ठेवला. खुर्ची पुढे ओढली आणि वाचलं. वाचून उठला, मॅनेजरच्या खोलीपाशी गेला, दार अर्धं उघडून काहीतरी विचारलं. मॅनेजरचा हात हवेत उडालेला दिसला. आवाज इथपर्यंत येत नव्हता, पण अशा हाताला आवाज लागत नाही. भाचा परत आला. बसला. पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागला.

“ऐकताय ना तुम्ही?” फोनवरचे गृहस्थ म्हणाले.

“ऐकतेय,” मावशी म्हणाली. “सावकाश सांगा.”